बेस अँप: आवाज कुठे ठरतो आणि बिघाड कुठून सुरू होतो

प्रश्न असा आहे. पाच जणांचा रॉक बँड, आठवड्यातून दोनदा तालीम, महिन्याला दोन-तीन कार्यक्रम. बेस गिटारसाठी समोर तीन हेड (स्पीकर नसलेला अँपचा सुटा डबा; स्पीकर वेगळ्या खोक्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये) आहेत: एक जुनं ३०० वॅटचं व्हॉल्व्ह हेड, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारं, एक वीसेक वर्षं वापरलेलं ४०० वॅटचं ट्रान्झिस्टर हेड आणि एक नवंकोरं, एका हातात मावणारं ८०० वॅटचं क्लास-डी हेड. आवाज कुणाचा चांगला आणि टिकेल कोण?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. मध्यम आवाजात तिघांमधला फरक लोक सांगतात त्यापेक्षा बराच कमी असतो. आवाजाचा मोठा हिस्सा कॅबिनेट आणि मिडरेंजचे, म्हणजे मधल्या पट्ट्याचे नॉब ठरवतात. हेडचा खरा स्वभाव कळतो तो ते ताणल्यावर. टिकण्याचं गणित तर अगदीच वेगळं आहे. व्हॉल्व्ह हेड वारंवार कुरकुरतं पण दुरुस्त होतं. चांगलं ट्रान्झिस्टर हेड क्वचित बिघडतं आणि तेही दुरुस्त होतं. क्लास-डी हेडही क्वचितच बिघडतं, पण बिघडलं की बहुतेक वेळा आख्खं मॉड्यूलच बदलावं लागतं.

वॅटच्या आकड्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. ५०० वॅटवरून ८०० वॅटवर गेलात तर पदरात पडतात जेमतेम २ डेसिबल. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. शिवाय खोक्यावर छापलेले ते ८०० वॅट ४ ओहमचे असतात (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा). ८ ओहमचं एकच कॅबिनेट लावलं तर बहुतेक ट्रान्झिस्टर आणि क्लास-डी हेड त्याच्या अर्ध्यापेक्षा थोडी जास्त ताकद देतात, आणि उरलेले वॅट कागदावरच राहतात.

आता त्याच हेडला तसंच आणखी एक ८ ओहमचं कॅबिनेट जोडा. दोन्ही मिळून ४ ओहम झाले, हेड पूर्ण ताकदीला आलं, त्याचे २ ते ३ डेसिबल. हवा ढकलणारं क्षेत्रफळ दुप्पट झालं, त्याचे आणखी ३. एकूण ५-६ डेसिबल. एका कॅबिनेटवर एवढी वाढ हवी असेल तर चौपट वॅटचं हेड घ्यावं लागेल, आणि तेवढं सोसायच्या आत स्पीकरच फाटेल. म्हणून ‘अँप कमी पडतोय’ अशी तक्रार असेल तर पैसे आधी दुसऱ्या कॅबिनेटवर घालावेत, हेडवर नाही.

जोडताना ओहमचा हिशोब पक्का ठेवा. ८ आणि ८ मिळून ४, ४ आणि ४ मिळून २, ८ आणि ४ मिळून २.६७. हेडच्या मागे ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल तर २.६७ म्हणजे ‘जवळपास ४’ असं समजू नका. तालमीत चालून जाईल, आणि कार्यक्रमात तासाभराने हेड तापून गप्प होईल. २ ओहम चालणारी हेड वेगळी असतात. मेसा बुगीच्या सबवे डी-८०० ला त्यासाठी मागे स्वतंत्र स्विच आहे, आणि ते ४ व २ ओहम दोन्हींना ८०० वॅट देतं. व्हॉल्व्ह हेडचं तंत्र निराळं. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि ८, ४, २ ओहमपैकी काहींसाठी वेगळे टॅप, म्हणजे जोडण्या असतात. ८ ओहमचा टॅप असेल तर ८ ओहमच्या एका कॅबिनेटवरही पूर्ण ताकद मिळते. ३०० वॅटचं व्हॉल्व्ह हेड कागदावरच्या ५०० वॅटच्या हेडला भारी पडतं, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण आवाज फाटण्याच्या पद्धतीत आहे. बेसच्या तारेवर बोट पडतं त्या क्षणी जे टोक वर येतं, ते उरलेल्या सुरापेक्षा कितीतरी उंच असतं. ट्रान्झिस्टर हेडची मर्यादा आली की ते टोक सुरीने कापल्यासारखं सपाट होतं आणि कानाला खर्रकन बोचतं. म्हणून वादक आवाज आधीच कमी ठेवतो आणि हेड सरासरीने आपल्या ताकदीच्या खूप खाली चालतं. व्हॉल्व्ह त्याच टोकाला हळूहळू दाबतो, कडा गोल राहतात, आणि ते दाबणं आवाज जाड झाल्यासारखं ऐकू येतं. त्यामुळे वादक नॉब आणखी पुढे नेतो. वॅट तेवढेच, पण वापरता येणारे वॅट जास्त. क्लास-डी हेडमध्ये या जागी बहुधा लिमिटर, म्हणजे मर्यादा आली की सिग्नल दाबणारं सर्किट बसवलेलं असतं. तो आवाज फाटू देत नाही, पण जोरात मारलेला सूर आणि साधा सूर यांतलं अंतर खाऊन टाकतो. ‘वॅट भरपूर आहेत पण दणका नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा लिमिटर सतत लागत असल्याची असते. कंपनीने लिमिटर नीट बसवला असेल तर हा त्रास फार कमी जाणवतो. दोन क्लास-डी हेडांमधला खरा फरक इथे असतो.

तिसरी गोष्ट डॅम्पिंगची. ८ ओहम छापलेल्या स्पीकरचा अडथळा सगळीकडे ८ ओहम नसतो. त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या जागी तो ४०-५० ओहमपर्यंतही चढतो. ट्रान्झिस्टर हेड तिथे व्होल्टेज धरून ठेवतं, म्हणून स्पीकर लगामात राहतो आणि सूर जिथल्या तिथे थांबतो. व्हॉल्व्ह हेडची पकड ढिली असते, म्हणून खर्जातली ती जागा फुगून येते. काहींना हाच ऊबदारपणा हवा असतो, तर दुहेरी किक वाजवणाऱ्या ड्रमरच्या जोडीला वाजवणाऱ्यांना हाच चिखल वाटतो. दोघेही बरोबर आहेत.

खर्जाबद्दलचा गैरसमज

चार तारी बेसची उघडी ई तार ४१ हर्ट्झची, पाच तारी बेसची बी ३१ हर्ट्झची. म्हणून अँपने ३० हर्ट्झपासून दणदणीत वाजलं पाहिजे, असं सहज वाटतं. आता अँपेग एसव्हीटी घ्या. हे हेड १९६९ साली आलं: ३०० वॅट, चौदा व्हॉल्व्ह, त्यांतले सहा आउटपुटचे. रॉकच्या बेसचा आवाज म्हटला की आजही बहुतेकांच्या कानात त्याचाच आवाज असतो. त्याच्या जोडीचं आठ दहा-इंची स्पीकरचं बंद कॅबिनेट, म्हणजे आजचं ८१०ई, कंपनीच्याच आकड्यांनुसार ५८ हर्ट्झला ३ डेसिबल आणि ४० हर्ट्झला १० डेसिबल खाली गेलेलं असतं. म्हणजे ज्या कॅबिनेटला सगळे ‘फ्रिज’ म्हणतात आणि ज्याच्या दणक्याचं कौतुक करतात, ते ई तारेचा मूळ सूर फारसा वाजवतच नाही. छातीत जाणवतो तो ८० ते १२० हर्ट्झचा पट्टा, म्हणजे त्या सुराचे वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट पटीतले सूर). मूळ सूर कान स्वतःच भरून काढतो.

याचा उपयोग थेट आहे. ४० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज वाढवून आवाज ‘मोठा’ होत नाही. त्यात फक्त स्पीकर दमतो. एक सप्तक खाली तेवढाच आवाज काढायचा तर कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला चौपट हलावं लागतं. स्पीकरवर लिहिलेले ३०० वॅट हे कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी किती उष्णता सोसेल त्याचे आहेत. खर्ज वाढवलेला असेल तर कोन त्याच्या कितीतरी आधी हालचालीच्या टोकाला पोचतो. भोक असलेल्या, म्हणजे पोर्टेड कॅबिनेटमध्ये हा धोका जास्त. भोकाच्या ट्यूनिंगच्या खालच्या सुरांना हवेचा आधारच सुटतो आणि कोन मोकाट हलतो. जाळी काढून बघा: बी तार हलकेच वाजवली तरी कोन चांगलाच आत-बाहेर करताना दिसेल, आणि आवाज मात्र नावाला. अशा वेळी ३० ते ४० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचा खर्ज गाळणारा फिल्टर लावावा. बऱ्याच नव्या क्लास-डी हेडमध्ये तो आतच असतो. जुन्या हेडसाठी वेगळा पेडल मिळतो. स्पीकर वाचवणारी यापेक्षा स्वस्त गोष्ट नाही.

नॉब मध्यावर म्हणजे सपाट, हे खरं नाही

दोन हेडांची तुलना करताना सगळे नॉब बारावर ठेवायचे आणि ‘दोन्ही फ्लॅट आहेत’ म्हणायचं, ही चूक सर्रास होते. फेंडर पद्धतीच्या पॅसिव्ह टोन सर्किटमध्ये नॉब मध्यावर असले की मधला पट्टा चांगलाच खोल गेलेला असतो. तिथे सपाटाच्या जवळ जायचं तर बेस आणि ट्रेबल जवळपास शून्यावर आणि मिड पूर्ण उघडा ठेवावा लागतो. उलट बहुतेक ॲक्टिव्ह सर्किटमध्ये मध्य म्हणजे खरोखर सपाटाच्या आसपास. एका हेडला मिड कापून आणि दुसऱ्याला न कापता ऐकलं तर तुलना सर्किटच्या स्वभावाची होते, व्हॉल्व्ह-ट्रान्झिस्टरची नाही.

मिडवर थोडं थांबू, कारण बँडमध्ये बेस ऐकू येणं-न येणं इथे ठरतं. २०० ते ३०० हर्ट्झ जास्त झाला की आवाज खोक्यात कोंडल्यासारखा होतो. ४०० ते ८०० मध्ये गुरगुर आहे, तिथेच सूर ओळखू येतो. दीड ते अडीच हजारात बोटाचा टकटकाट. एसव्हीटीच्या नंतरच्या सीएल मॉडेलमध्ये मिडला २२०, ४५०, ८००, १६०० आणि ३००० असे पाच टप्पे दिले आहेत ते याचसाठी. ऑरेंज एडी२०० मध्ये फक्त बेस, मिड, ट्रेबल एवढेच. बऱ्याच वादकांना तेवढं पुरतंही. मार्कबासच्या व्हीपीएफ नॉबने ३८० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा कापला जातो. घरी एकट्याने वाजवताना तो नॉब पुढे केला की आवाज एकदम चकचकीत, रेकॉर्डसारखा वाटतो. तीच जागा ठेवून दोन गिटारांसोबत वाजवलं की बेस गायब. तक्रार मग ‘हेडमध्ये दम नाही’ अशी येते. तो नॉब शून्यावर आणा आणि पुन्हा ऐका.

हायब्रिड, म्हणजे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेल्या हेडबद्दल एवढंच: समोर काचेतून चमकणारा एक १२एएक्स७ हा छोटा व्हॉल्व्ह दिसला म्हणजे व्हॉल्व्हचा आवाज आला असं नाही. तो पुरेशा व्होल्टेजवर, खरं काम करत असेल तर फरक पडतो. हार्टकी एचए३५०० मध्ये व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर प्रीअँपचे (आवाज घडवणारा पुढचा भाग) दोन वेगळे नॉब आहेत, आळीपाळीने एकेक वाढवून फरक स्वतः ऐकता येतो. अग्विलार डीबी ७५१ मध्ये व्हॉल्व्हचा प्रीअँप आणि मॉस्फेटचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) पॉवर अँप, म्हणजे स्पीकर चालवणारा मागचा भाग आहे. जाडपणा पुढच्या भागाचा आणि पकड मागच्या भागाची, हा मेळ तिथे चांगला जमला आहे.

तुलना करायची ती अशी. एकच बेस, त्याच तारा, एकच कॅबिनेट. नव्या तारांचा चकचकाट पहिल्या काही दिवसांत झपाट्याने उतरतो, म्हणून एक हेड आज आणि दुसरं पुढच्या आठवड्यात असं करू नका. दोन्ही हेडांचा आवाज मोजून सारखा करा. फोनवरचं साउंड मीटर चालेल, फक्त मीटरमधलं वजन (वेटिंग) ‘सी’ ठेवा, कारण ‘ए’ वजनात खर्ज मोजलाच जात नाही. फोन हलवू नका आणि फरक १ डेसिबलच्या आत आणा. याहून मोठा फरक राहिला तर मोठं वाजणारं हेड नेहमी ‘चांगलं’ वाटतं. कान अगदी असाच फसतो. मग तीन सूर: उघडी ई, डी तारेवर सातवा पडदा, जी तारेवर बारावा. प्रत्येक आधी हलका, मग जोरात. तिन्ही सूर सारख्याच ताकदीने आले पाहिजेत. एखादाच सूर घुमत असेल तर तो बहुधा खोलीचा दोष आहे. कॅबिनेट भिंतीपासून दीडेक मीटर पुढे ओढा आणि पुन्हा ऐका. शेवटी ड्रम आणि गिटार असलेल्या ट्रॅकसोबत वाजवा. एकट्याने ऐकून निर्णय घेऊ नका.

आता टिकाऊपणा

‘कुठली कंपनी टिकाऊ’ हा प्रश्न मला फारसा उपयोगी वाटत नाही. एकाच कंपनीच्या एकाच दशकातल्या दोन मॉडेलांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. उष्णता कुठे जाते, जॅक कशाला धरले आहेत आणि उद्या आतला भाग मिळेल का, हे तीन प्रश्न विचारा.

बिघाडांचा क्रम लावला तर सगळ्यात वर येतात जोडण्या, सर्किट नव्हे. त्यातला सर्वांत जास्त सतावणारा दोष पाहा. हेड चालू आहे, दिवे लागलेत, पण आवाज अर्धा झालाय. मध्येच येतो, मध्येच जातो. एखादा जोरदार सूर मारला की धाडकन पूर्ण येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा बसतो. बरेच जण लगेच व्हॉल्व्ह बदलतात किंवा हेड दुरुस्तीला टाकतात. थांबा. मागे इफेक्ट्स लूपचे (बाहेरचे इफेक्ट जोडायची वाट) सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतील. त्यात गिटारची साधी छोटी पॅच केबल लावा. आवाज पूर्ण आला? मग दोष सापडला. रिटर्न जॅकच्या आत एक पत्री असते. प्लग नसताना तीच सिग्नल पुढे नेते. वर्षानुवर्षं त्या जॅकमध्ये काही घातलेलं नसतं, म्हणून पत्रीवर काळपट थर चढतो. हेड बंद करा, प्लगच्या टोकाला थोडं कॉन्टॅक्ट क्लीनर लावा आणि रिटर्नमध्ये दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. कार्यक्रम सुरू असताना हा दोष आला तर ती पॅच केबल तशीच ठेवून वाजवा.

दुसरं, बोर्डवर थेट सोल्डर केलेले जॅक. प्लगवर पाय पडला किंवा केबल ओढली गेली की सगळा जोर त्या सोल्डरवर येतो आणि त्याभोवती केसासारखी गोल भेग पडते. प्लग हलवला की खरखर. जॅक बाहेरून नटने पत्र्याला घट्ट धरलेला असेल तर हे फारसं होत नाही. घेताना प्रत्येक जॅक बोटाने हलवून बघा. कॉम्बोमध्ये, म्हणजे हेड आणि स्पीकर एकाच खोक्यात असतात तिथे, स्पीकरच्या कंपनाने हाच प्रकार जड भागांच्या पायांशी होतो, म्हणून कॉम्बोचे स्क्रू वर्षातून एकदा तपासावेत.

तिसरं, स्पीकर केबल. गिटारची केबल स्पीकरला लावायची नाही, हे माहीत असूनही अडीअडचणीला लोक लावतात. तिची आतली तार बारीक, ती तापते. दोन तारांची दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची केबल आणि शक्यतो स्पीकॉन, म्हणजे फिरवून बसवायचा स्पीकरचा प्लग वापरा. साधा जॅक घालता-काढताना क्षणभर शॉर्ट होऊ शकतो आणि ट्रान्झिस्टर हेडला तो क्षण पुरतो. स्पीकॉनमध्ये तसं होत नाही. मात्र स्पीकॉनच्या आतले स्क्रू ढिले होतात, ते अधूनमधून आवळा. केबल फिरवून खट् आवाज आला म्हणजे ती बसली. नुसती खुपसून ठेवली तर कंपनाने सुटते.

व्हॉल्व्ह हेडचा पहिला नियम: कॅबिनेट न जोडता ते कधीही वाजवायचं नाही. भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं चढतं की आतलं वेष्टण जळतं. तो भाग हेडमधला सर्वांत महाग. ट्रान्झिस्टर हेडचं बरोबर उलटं आहे, भार नसला तरी चालतं, शॉर्ट चालत नाही. दुसरा नियम बघण्याचा. अंधारात मागून आउटपुट व्हॉल्व्हकडे पाहा. आतली तार नारिंगी असणं ठीक. काचेजवळची निळसर झाक ठीक. पण बाहेरचा राखाडी पत्रा मंद लाल होऊ लागला तर हेड ताबडतोब बंद करा. त्या व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर करंट चालला आहे. बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट जावा ते ठरवणारी जुळणी) बिघडला आहे किंवा व्हॉल्व्हच गेला आहे, आणि काही मिनिटांत तो स्क्रीन रेझिस्टर किंवा ट्रान्सफॉर्मर सोबत घेऊन जाईल. बदलताना आउटपुट व्हॉल्व्ह जुळवलेल्या संचातच घ्या आणि बायस तपासून घ्या. सहा व्हॉल्व्हच्या हेडमध्ये एकच नवा घालून काम भागवलं तर उरलेले पाच आणि तो एक भार सारखा वाटून घेत नाहीत. किणकिण किंवा शिट्टी ऐकू येत असेल तर आवाज थोडा वाढवून प्रीअँपच्या व्हॉल्व्हवर पेन्सिलने टिचकी मारा. ज्याची टिचकी स्पीकरमधून घंटेसारखी वाजते तो बदला. बंद केल्यावर दहा मिनिटं तरी हेड हलवू नका, तापलेली आतली रचना धक्क्याने वाकते. एसव्हीटीसारखं हेड साधारण ३६ किलोचं असतं, ते दोघांनी उचला.

ट्रान्झिस्टर हेड, म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर आणि क्लास-एबी ही जुनी, रूढ पद्धत. माझ्या मते निव्वळ आयुष्याच्या हिशोबात हे तिघांतलं सर्वांत भरवशाचं. गॅलियन-क्रूगर ८००आरबी १९८०च्या दशकातलं, आणि आजही कामावर दिसतं. भाग मोठे, बोर्डवर जागा भरपूर, बहुतेक ट्रान्झिस्टरांना पर्याय मिळतो. त्याची एक वाईट सवय लक्षात ठेवा. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि डीसी संरक्षण (सप्लायची थेट वीज स्पीकरपर्यंत जाऊ न देणारं सर्किट) नसेल तर सप्लायचं पूर्ण व्होल्टेज स्पीकरवर जातं. हेड चालू करताच कोन पुढे किंवा मागे जाऊन तिथेच अडकला आणि जोरात घरघर आली, तर एका सेकंदात बंद करा, नाहीतर कॉइल जळते. वय झालेल्या हेडमध्ये मोठे फिल्टर कपॅसिटर थकतात. घरघर वाढते, जोरात वाजवताना आवाज लवकर फाटतो. कपॅसिटरचा माथा फुगलेला दिसला की बदलायची वेळ झाली. तापमान १० अंशांनी कमी राहिलं तर कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून पंखा आणि जाळी साफ ठेवणं ही फक्त स्वच्छतेची गोष्ट नाही. ब्रशने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवा, व्हॅक्यूमच्या जोराने तो गरागरा फिरू देऊ नका.

क्लास-डी हेड अडीच-तीन किलोचं कसं होतं? आउटपुट ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होत असतात, म्हणून कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास आणि उष्णता थोडी. जड ट्रान्सफॉर्मरच्या जागी स्विचिंग सप्लाय येतो. कमी-जास्त होणारा वीजपुरवठा तो बराच सोसतो, जिथे व्हॉल्व्ह हेडचा आवाज लगेच मलूल पडतो. पण सगळेच स्विचिंग सप्लाय १०० ते २४० व्होल्ट आपोआप ओळखत नाहीत. मागची पट्टी वाचा. जनरेटर सुरू किंवा बंद होताना हेडचा प्लग काढलेला असावा. अशा सप्लायला मारतो तो हाच झटका. दुसरा शत्रू म्हणजे बंद पिशवी किंवा चारही बाजूंनी कोंडलेला रॅक. आत थोडीच उष्णता तयार होते हे खरं, पण ती साठवायला जागाही मूठभरच. हेड मध्येच गप्प होऊन पाच मिनिटांनी आपोआप परत आलं तर तो उष्णतेचा बचाव आहे. हवेच्या जाळ्या मोकळ्या करा आणि ओहम पुन्हा मोजा. पाच मिनिटांनी परत आलं नाही तर मग दुरुस्तीची गोष्ट.

आणि तिथे अडचण सुरू होते. बोर्डवर सूक्ष्म भाग, आराखडा बहुतेक वेळा बाहेर मिळत नाही, सप्लाय आणि पॉवर अँप एकाच मॉड्यूलमध्ये. कंपनी ते मॉड्यूल विकते तोवर ठीक, बंद केलं की हेड कपाटात. विकत घेण्याआधी विचारण्याचा प्रश्न एकच: या मॉडेलचं पॉवर मॉड्यूल सुटं मिळतं का, आणि वॉरंटीनंतर कोण बसवून देतं?

झाकण स्वतः उघडण्याबद्दल. प्लग काढल्यावरही एसव्हीटीसारख्या हेडमधल्या कपॅसिटरमध्ये ७०० व्होल्टच्या आसपास साठा उरलेला असू शकतो. स्विचिंग सप्लायमध्ये ३०० व्होल्टच्या वर असतो. तो काढायची पद्धत आणि मोजायचा मीटर तुमच्याकडे नसेल तर आत हात घालू नका. बाहेरून बदलता येणारा फ्यूज मात्र जरूर बदला, तेवढ्याच अँपिअरचा आणि ‘टी’ लिहिलेला असेल तर ‘टी’च, म्हणजे उशिरा जाणारा. नवा फ्यूजही लगेच गेला तर तिसरा घालू नका आणि मोठा तर मुळीच नको. काहीतरी शॉर्ट आहे, आणि फ्यूज त्याचं काम करतो आहे.

तर मूळ प्रश्न. या बँडसाठी माझी निवड अशी: ट्रान्झिस्टर हेड तपासून चांगलं निघालं तर ते तालमीच्या जागी कायम ठेवावं, क्लास-डी हेड कार्यक्रमांना न्यावं. एक बंद पडलं तर दुसरं आहेच. व्हॉल्व्ह हेड फक्त दोन अटींवर घ्यावं: ते तुम्ही खरोखर फाटण्याच्या जवळ नेऊन वाजवणार असाल, आणि बायस लावता येणारा माणूस हाताशी असेल. पंचवीस टक्के ताकदीवर वाजवायला ३६ किलो उचलण्यात अर्थ नाही. आणि तिघांपैकी काहीही घेतलंत तरी कॅबिनेट एकच असेल, तर पुढचा पैसा दुसऱ्या कॅबिनेटचा.

जुनं हेड बघायला जाताना अर्ध्या तासाचा वेळ मागून घ्या. पाच मिनिटं चालवून काही कळत नाही, कारण बरेच दोष तापल्यावरच बाहेर येतात. आधी थंड असताना सगळे नॉब एकेक फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, ती क्लीनरने जाते. मग नेहमीच्या कार्यक्रमाच्या आवाजात वीस मिनिटं वाजवा आणि मध्ये वरच्या पत्र्यावर मुठीने हलकेच ठोका. पंखा फिरतोय का ते ऐका. मागचा फ्यूज काढून त्यावरचा आकडा पट्टीवरच्या आकड्याशी जुळवा. मोठा घातलेला असेल तर आधीच्या मालकाने काहीतरी झाकलं आहे. झाकणाचे स्क्रू घासलेले किंवा कमी असतील तर आत कोण आणि कशासाठी गेलं होतं ते विचारा.

पिशवीत कायम ठेवायच्या गोष्टी: एक जादा स्पीकर केबल, एक पॅच केबल, योग्य अँपिअरचे दोन फ्यूज, आणि एक छोटा डीआय बॉक्स, म्हणजे हेड पूर्ण गेलं तरी बेस थेट मिक्सरमध्ये जाईल. हेडचा स्वतःचा डीआय वापरत असाल तर त्याचा प्री-पोस्ट स्विच ‘प्री’वर, म्हणजे टोनच्या नॉबच्या आधी ठेवा, नाहीतर स्टेजवर तुम्ही खर्ज कमी केलात की समोर बसलेल्यांचाही कमी होतो. घरघर आली तर शेजारचा ग्राउंड लिफ्ट दाबा. मुख्य प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.